सलोखा आणि सत्य

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड या जुन्या संस्थानी गावात गणेशोत्सवात काही मशिदींमध्ये गणपतीची प्रतिष्ठापना होते. २०१८ आणि २०१९ या वर्षी मोहरम व गणेशोत्सव एकाच सुमारास आले, तेव्हा पंजे आणि गणेशमूर्ती एकाच छताखाली नांदल्या.

या प्रथेचे कौतुक करताना एक घोटाळा हमखास होतो. सर्व धर्म मुळात एकच आहेत, हे यातून सिद्ध झाले असे मानले जाते. वस्तुतः तसे काहीच सिद्ध होत नाही. मूर्तिपूजेविषयी दोन्ही धर्मांच्या भूमिका भिन्न आहेत आणि ती भिन्नता एका मांडवाने मिटत नाही. परंतु म्हणून प्रथेचे मोल तिळभरही उणावत नाही. शेजारधर्म हे सामाजिक मूल्य आहे. माणसे एकत्र नांदतात की नाही, ही त्याची कसोटी. सत्य हे बौद्धिक मूल्य. त्याची कसोटी पुरावा आणि तर्क.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग यांनी ‘लायला’ (१९९१) या ग्रंथात वास्तवाचे अजैव, जैव, सामाजिक व बौद्धिक असे चार स्तर मानले. वरचा स्तर खालच्याच्या आधाराने उभा राहतो, पण त्याचे नियम स्वतंत्र असतात. समाजावाचून विचाराला भाषाही लाभणार नाही. तथापि विचार खरा की खोटा, हे समाजाची मर्जी ठरवू शकत नाही.

महाराष्ट्राला हा भेद आगरकरांनी शिकविला. ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. केशवपनासारख्या रूढी समाजाला बांधून ठेवतात, एवढ्याने त्या न्याय्य ठरत नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तो समाजाचा रोष होता. युक्तिवादाचे उत्तर नव्हते.

जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापूर शहरात दगडफेक झाली. अशा काळात सलोख्याचा पाया कोणता, हा प्रश्न केवळ पंडिती राहत नाही. ‘धर्म एकच’ या विधानावर सलोखा उभारला, तर धर्मांतील भेद दाखविणारा कोणीही तो पाडू शकेल. आणि सलोख्यासाठी प्रश्न विचारण्यासच बंदी घातली, तर आगरकरांना छळणाऱ्यांचाच मार्ग पुन्हा चोखाळला जाईल. भेद मोकळेपणी मान्य करूनही शेजाऱ्याला जागा देता येते. कुरुंदवाडच्या प्रथेचे खरे बळ याच शक्यतेत आहे.