वळू व्हायला निघाला, आतून बैल झाला

खोंड लवकर खच्ची केला की काय होतं, हे बारामतीच्या जळोचीतल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. वशिंड बेताचं राहतं, मान भरत नाही, मस्ती उतरते आणि जनावर औताला वळतं. वळू राखला, तर याच्या बरोबर उलट. मानेचं ते मांस कुठल्या अवयवाच्या जोरावर वाढतं, हे आपल्या आजोबांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. पुस्तकवाल्यांना ते 1849 मध्ये नीट उमगलं. जर्मनीत बर्टहोल्ड नावाच्या प्राध्यापकाने कोंबडे खच्ची केले, काहींच्या पोटात वृषण परत बसवले, आणि त्यांचे तुरे व आरवणं टिकून राहिलं. 1935 मध्ये ॲमस्टरडॅमला वळूंच्या सुमारे 100 किलो वृषणांतून जेमतेम 10 मिलीग्रॅम शुद्ध पदार्थ निघाला. त्याचं नाव टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी तो प्रयोगशाळेत तयार करता आला, आणि तो तयार करणाऱ्या बुटेनांट व रुझिचका यांना 1939 चं नोबेल मिळालं. ॲनाबॉलिक स्टेरॉइडं म्हणजे हा पदार्थ आणि त्यात थोडेफार फेरफार करून बनवलेली त्याची भावंडं.

हे आत्ता सांगायचं कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जळोची नगरपालिकेच्या हद्दीत आली, शेताच्या बांधावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर जिम आल्या. उपबाजारात दिवसभर कांद्याच्या गोण्या उचललेला पोरगाही संध्याकाळी तिथे डंबेल उचलायला जातो. तालमीत खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप. जिममध्ये खुराक म्हणजे काय, हे विचारलं की उत्तरं गोंधळाची येतात.

पहिला गोंधळ नावाचाच. दम्याच्या पंपात स्टेरॉइड असतं, असं ऐकून आया पोरांचे पंप बंद करतात. ते स्टेरॉइड वेगळं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांच्या जातीची ही सूज कमी करणारी औषधं. ती जास्त मात्रेत फार दिवस पोटात गेली, तर मांडीचे स्नायू उलट झिजतात. पंपातली मात्रा अगदी थोडी असते. तो डॉक्टरांना न विचारता बंद करणं, हाच खरा धोका. प्रोटीनची पावडरही स्टेरॉइड नव्हे. ती बहुधा दुधापासून काढलेली असते. भेसळ नसेल तर तिचं पाप एवढंच की ती महाग असते. आणि भरतीच्या मैदानावर धावण्याआधी काही पोरं जे मेफेंटरमाइन टोचून घेतात, तेही स्टेरॉइड नाही. भूल देताना रक्तदाब पडला तर तो चढवायचं ते औषध. त्याने स्नायू वाढत नाहीत. नुसता रक्तदाब चढतो आणि छाती धडधडते.

आता एक गैरसमज शहाण्या माणसांचा. "ती बॉडी खोटी असते, नुसतं पाणी भरलेलं." बाप, मास्तर, काही डॉक्टरसुद्धा हे पोरांना सांगतात. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या मोठ्या संस्थेनेही 1977 मध्ये या औषधांनी ताकद वाढते याला ठोस पुरावा नाही असं म्हटलं होतं. 1984 मध्ये तिला भूमिका बदलावी लागली. शलेंदर भसीन या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी 1996 मध्ये हिशेबच मांडला. 43 पुरुष, 10 आठवडे. काहींना दर आठवड्याला 600 मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन, काहींना नुसतंच तेल. औषधाशिवाय व्यायाम करणाऱ्यांचं चरबी वगळून वजन सुमारे 2 किलोने वाढलं. औषध घेऊन बसून राहिलेल्यांचं 3 किलोने. औषध आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं 6 किलोने. पोरगं हे आरशात स्वतः बघत असतं. आपण त्याला "खोटं आहे" म्हणालो, की पुढचं खरंही ते ऐकत नाही. मला वाटतं, या विषयातलं आपलं सगळ्यात मोठं नुकसान या एका वाक्याने केलं.

मग पुढचं खरं काय? जिममधलं सगळ्यात लाडकं वाक्य हे: "कोर्स संपला की सगळं उतरतं." बाहेरचं उतरतं, हे बरोबर. पण शरीर म्हणजे एकच खातं नव्हे. प्रत्येक ऊती आपला हिशेब वेगळा ठेवते.

स्नायूचंच बघा. स्नायूच्या एका तंतूत अनेक केंद्रकं असतात. नीरा डाव्या कालव्यावर एकाच पाटकऱ्याला सगळ्या चाऱ्या सांभाळता येत नाहीत, तसं एका केंद्रकाला तंतूचा ठरावीक तुकडाच सांभाळता येतो. टेस्टोस्टेरॉन शेजारच्या राखीव पेशींना तंतूत ओढतं आणि पाटकरी वाढवतं. ऑस्लोच्या संशोधकांनी 2013 मध्ये उंदरांना दोन आठवडे औषध दिलं आणि मग थांबवलं. स्नायू पूर्ववत बारीक झाले, पण वाढलेली केंद्रकं तीन महिन्यांनंतरही जागेवर होती. उंदराच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे मोठा काळ. मग स्नायूंवर ताण दिला, तर सहा दिवसांत ते 30 टक्के वाढले. औषध कधीच न मिळालेल्या उंदरांचे फारसे हलले नाहीत. म्हणून खेळातल्या बंदीच्या काळावर शास्त्रज्ञ वाद घालतात. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यांत 2016 मध्ये मेथँडिएनोन सापडलं. आपल्या खाण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेने ते मानलं, पण क्रीडा लवादाने रिओ ऑलिंपिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या तोंडावर ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. मेथँडिएनोन म्हणजे 1958 साली सिबा कंपनीने अमेरिकेत बाजारात आणलेलं डायनाबॉल. जिममधली पोरं आजही त्याला 'डायना' म्हणतात.

केंद्रकांच्या रूपाने उरलेली स्नायूची ही आठवण कुणाला फायद्याची वाटेल. पण हृदय हाही स्नायूच आहे, आणि त्याची आठवण फायद्याची नाही. त्याच्या भिंती जाड होतात, त्यांत चिवट तंतू साठतात आणि ते नीट सैल पडत नाही. अमेरिकेत 2017 मध्ये वजन उचलणाऱ्या 140 अनुभवी पुरुषांची हृदयं तपासली गेली. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर जातं, ते मोजलं. कधीच औषध न घेतलेल्यांत ते 63 टक्के होतं. सध्या घेणाऱ्यांत 49. सोडलेल्यांत 58. म्हणजे सुधारलं, पण पुरतं परतलं नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत चरबीचा थर आयुष्यभरात घेतलेल्या एकूण मात्रेप्रमाणे जास्त होता. चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि रक्त दाट होतं, ते वेगळंच. डेन्मार्कमध्ये जिमच्या सभासदांचीही तपासणी होते. तिथे दोषी सापडलेल्या 1,189 पुरुषांचा सरासरी 11 वर्षं माग काढला, तर त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघालं.

कंडऱ्यांचं थोडक्यात. पैलवान "शीर तुटली" म्हणतात, ती बहुतेक वेळा कंडरा असते. स्नायू काही आठवड्यांत फुगतो, पण त्याला हाडाशी बांधणारा दोर तेवढ्या वेगाने मजबूत होत नाही. मध्यमवयीन शरीरसौष्ठवपटूंच्या एका तपासणीत औषध घेतलेल्या 88 जणांपैकी 19 जणांची कधी ना कधी कंडरा तुटलेली होती. न घेतलेल्या 54 जणांपैकी तिघांचीच.

आणि आता वृषण. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं, की मेंदूला वाटतं आपल्याकडे भरपूर आहे, आणि तो वृषणांना हुकूम देणं बंद करतो. हुकूम नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून ते आकसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये हेच पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. दर आठवड्याला फक्त 200 मिलीग्रॅम, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरले नाहीत. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने लागतात आणि सगळ्यांचं गाडं रुळावर येत नाही. डेन्मार्कच्या दुसऱ्या एका पाहणीत औषध सोडून सरासरी अडीच वर्षं झालेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमीच होतं. थकवा, उदासी, इच्छा नाही, पाळणा हलत नाही. वरून वशिंड, आतून बैल. शिवाय जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन बनवतं, म्हणून छातीला गाठ धरते. ती जुनी झाली की औषधाने जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते.

कोवळ्या वयात तर हिशेब आणखी वाईट. याच इस्ट्रोजेनमुळे हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या चकत्या वेळेआधी मिटतात आणि उंची थांबते. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना किमान 165 सेंटिमीटर लागतात. भरतीसाठी अंग कमवायला गेलेला सोळा वर्षांचा पोरगा टेपपट्टीखालीच बाद व्हायचा. भरतीला आता मुलीही धावतात, म्हणून सांगतो: या औषधांनी बाईचा आवाज जाड झाला, तर औषध सोडल्यावरही तो बहुधा जाडच राहतो.

"गोळी वाईट, इंजेक्शन चांगलं" हा शेवटचा समज. त्याला अर्धं कारण आहे. गोळीतलं औषध यकृतात लगेच मोडू नये म्हणून त्याच्या रेणूत बदल केलेला असतो, आणि तोच बदल यकृताला बाधतो: कावीळ, रक्ताने भरलेल्या पोकळ्या, क्वचित गाठी. इंजेक्शन यकृताला बरंचसं वगळतं. हृदयाला आणि वृषणाला वगळत नाही. गोळीबरोबर लिव्हरचं टॉनिक घेतलं, तरी त्या दोघांना त्याची खबरही नसते.

कुणी घेत असेल, तर लाजून गप्प बसू नका, आणि सोडल्यावर येणारी उदासी एकट्याने काढू नका. ती हार्मोनची असते, मनाच्या कमकुवतपणाची नव्हे. बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाऊन लिपिड, हिमोग्लोबिन, यकृत, टेस्टोस्टेरॉन आणि टूडी इको करून घ्या. डॉक्टरांना "पावडर घेतो" असं सांगू नका. जे टोचलं त्याची रिकामी बाटली आणि गोळ्यांची पट्टी खिशात घालून न्या.