ऑटिझम : आईला दोष देणे थांबवा, बाळाकडे लक्ष द्या

मुलाला ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता आहे असे कळले की आपल्या वस्तीत पहिले बोट आईकडे जाते. ग्रहण पाळले नाही, मागच्या जन्माचे पाप, असे टोमणे तिला ऐकावे लागतात. याला कोणताही आधार नाही.

ऑटिझममध्ये सर्वात मोठा वाटा जनुकांचा असतो. ३७ आठवड्यांआधी जन्म, कमी वजन, आई किंवा वडिलांचे जास्त वय यांमुळे शक्यता काहीशी वाढते. तरी अशा बहुतेक बाळांना ऑटिझम होत नाही. स्वीडनमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा सिझेरियन हे कारण ठरले नाही. लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला.

मग ही माहिती कशासाठी? वेळेत ओळखण्यासाठी. दीड वर्षाचे बाळ नावाने हाक मारूनही वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर 'मोठे झाल्यावर बोलेल' म्हणून थांबू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयात तपासणीबद्दल विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. आपण कार्यकर्त्यांनी अशा आईला सल्ले देण्याऐवजी तिच्यासोबत रुग्णालयात जावे.