नवशिक्यांची गिटार आणि तिचे विस्मृत रचनाकार

क्लासिकल गिटार हे नायलॉनच्या सहा तारांचे, प्लेक्ट्रमचा वापर न करता उजव्या हाताच्या बोटांनी छेडले जाणारे आणि मुख्यतः लिखित स्वरलिपीवरून वाजवले जाणारे वाद्य असून, त्याच्या शिक्षणाचा विषय निघाला की स्पेनचे फर्नांदो सोर आणि इटलीचे मात्तेओ कारकास्सी यांची नावे प्रथम घेतली जातात. आंद्रेस सेगोव्हिया यांनी सोर यांच्या वीस अभ्यासरचना निवडून १९४५ मध्ये प्रसिद्ध केल्यावर तर त्या जगभरच्या गिटारशिक्षणाचा आधार ठरल्या. मात्र त्यांपैकी बहुतेक रचना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झेपणाऱ्या नाहीत, आणि त्या वर्षात त्याच्या हाताला वळण लावण्याचे काम ज्यांच्या रचना करतात, त्या रचनाकारांची नावे मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच दिसतात.

अशा रचना मोठ्या संख्येने लिहिल्या जाण्यास एक ऐतिहासिक कारण होते. इ. स. १८०० च्या सुमारास पाच जोडतारांची जुनी गिटार मागे पडून सहा सुट्या तारांची गिटार रूढ झाली आणि पॅरिस व व्हिएन्ना येथील मध्यमवर्गीय घरांत ती हौसेने शिकली जाऊ लागली. या हौशी वादकांना थोड्या सरावात वाजवता येईल असे संगीत हवे होते, ते पुरवणारे प्रकाशक होते, आणि व्हिएन्नाचे आंतोन डियाबेली यांच्यासारखे काही जण तर स्वतःच गिटारवादक, रचनाकार आणि प्रकाशकही होते.

सोपी रचना लिहिणे हे मात्र सोपे काम नव्हे. गिटारच्या जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत मोकळे स्वर मि, ला, रे, सोल, सि, मि असे लागतात. त्यामुळे ‘ला’ हा आधारस्वर असलेल्या मायनर स्वरसप्तकात, म्हणजे ए मायनरमध्ये, रचना बांधली की आधारस्वर आणि त्याचा पंचम हे दोन्ही खर्जाच्या मोकळ्या तारांवर मिळतात, ते अंगठ्याने छेडता येतात आणि डाव्या हाताची सारी बोटे वरच्या सुरावटीसाठी मोकळी राहतात. नवशिक्यांच्या कितीतरी रचना याच स्वरसप्तकात आणि मानेवरच्या पहिल्या तीन-चार पडद्यांतच का फिरतात, याचे उत्तर त्यात आहे. इतक्या मर्यादेत राहूनही ज्या रचनेला स्वतःची चाल असते, मध्ये एखादे अनपेक्षित वळण असते आणि शेवटी घरी परतल्याचे समाधान असते, ती रचना लिहिणारा माणूस कारागीर म्हणून थोरच मानला पाहिजे.

जर्मनीतील वुर्ट्सबुर्गचे योझेफ क्युफ्नर (निधन १८५६) हे असे कारागीर होते. लष्करी वाद्यवृंदांसाठी विपुल लेखन करणाऱ्या या संगीतकाराने आपल्या १६८ क्रमांकाच्या कृतीत दोन गिटारींसाठी साठ सोप्या जोडरचना दिल्या. त्यांतल्या आरंभीच्या रचनांत विद्यार्थ्याकडे एकेरी स्वरांची साधी सुरावट राहते आणि शिक्षकाची गिटार साथ करते, त्यामुळे ज्याला अद्याप दोन स्वर एका वेळी वाजवता येत नाहीत त्यालाही भरलेल्या संगीताच्या मध्यभागी बसून वाजवण्याचा अनुभव मिळतो, आणि दुसऱ्याचे ऐकत लय सांभाळण्याची सवय आपोआप लागते. एकट्याने केलेल्या सरावातून ही सवय सहसा लागत नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांसाठी क्युफ्नर यांच्या जोडरचनांइतके उपयुक्त साहित्य क्वचितच सापडेल.

लंडनमध्ये गिटार शिकवणाऱ्या कॅथरिना जोसेफा प्रॅटन (निधन १८९५) यांनी वेगळा मार्ग काढला. महाराणी व्हिक्टोरियाची कन्या राजकुमारी लुईझ हिच्याही त्या शिक्षिका होत्या. तारा नेहमीप्रमाणे न लावता, सर्व मोकळ्या तारा एकत्र छेडल्यास ई मेजरची पूर्ण स्वरसंगती उमटेल अशा रीतीने लावण्याची पद्धत त्यांनी एका स्वतंत्र पाठ्यपुस्तकातून शिकवली, ज्यामुळे डाव्या हाताच्या मोजक्या हालचालींतून कानाला गोड वाटणारे संगीत निघू शकले. कातालोनियाचे होसे फेरेर (१८३५–१९१६) यांच्या छोट्या नृत्यरचना त्यापुढच्या पायरीवर येतात. त्यांत बैठकीच्या खोलीला शोभेल असा मृदू गोडवा आहे.

ब्वेनोस आयरेसचे हुलियो साग्रेरास (१८७९–१९४२) यांची सहा भागांची पाठमाला मात्र अधिक सविस्तर परिचयास पात्र आहे. तिचा पहिला भाग मोकळ्या तारांपासून सुरू होतो आणि सहाव्या भागात ‘एल कोलिब्री’सारखी मैफलीत वाजणारी द्रुत रचना येते. साग्रेरास यांचा कटाक्ष ‘आपोयांदो’ या आघातावर होता. या आघातात तार छेडल्यावर बोट हवेत न उचलता शेजारच्या तारेवर टेकून थांबते, त्यामुळे स्वर भरीव उमटतो आणि सुरावट साथीच्या स्वरांतून वेगळी, ठळक ऐकू येते. कोणता स्वर पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हा विवेक त्यांच्या अगदी छोट्या पाठांतूनही शिकवला जातो. अशा पाठांकडे केवळ बोटांचा व्यायाम म्हणून पाहून ते भराभर उरकणे ही या संगीताची मोठी हेळसांड आहे.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात राहून लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरत्या तीन रचना घोटण्याऐवजी अशा अनेक लहान रचना वाचून पाहाव्यात. स्वरलिपी वाचनाचा वेग त्यातूनच वाढतो. एकोणिसाव्या शतकातील गिटारसंगीताच्या मूळ छापील प्रतींचे मोठे संग्रह कोपनहेगनचे शाही ग्रंथालय आणि स्टॉकहोमचे संगीत ग्रंथालय येथे जतन केलेले असून, त्यांतील पुष्कळ पाने संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात.