गौळणीतली मावशी आणि शिंगांचा वायकिंग

गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फडमालकांशी घासाघीस करतात, सुपारी देतात आणि तारीख पक्की करून जातात. नारायणगावला खेटून असलेल्या वारूळवाडीच्या माणसाला याचं नवल नाही. नवल आहे ते कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टांचं. त्यांवर कुऱ्हाडी, हातोडे, दाढीवाले देव आणि शिंगांची शिरस्त्राणं दिसू लागलीत. कानात जे वाजतं त्याला पोरं 'वायकिंग मेटल' म्हणतात, नाहीतर 'नॉर्डिक फोक'. ओडिन, थोर, लोकी या उत्तर युरोपातल्या देवांच्या कथा कधी गिटारच्या गडगडाटात येतात, कधी शिंग फुंकून आणि घशातून खर्ज काढून.

मालिका, व्हिडिओ गेम आणि मार्व्हलच्या सिनेमांबरोबर हे संगीत आपल्याकडे पोचलं. येताना गैरसमजांचं गाठोडंही घेऊन आलं. ते एकदा सोडून बघू.

गैरसमज : वायकिंग योद्धे शिंगांची शिरस्त्राणं घालत.

वस्तुस्थिती : ही शिंगं नाटकातली आहेत. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याची चार भागांची संगीतिका १८७६ साली बायरॉइट इथं रंगमंचावर आली. तिची वेशभूषा कार्ल एमिल डोपलर याची होती. त्यानं काही पात्रांच्या डोक्यावर शिंगं बसवली आणि तीच पुढं चित्रांत, जाहिरातींत आणि अल्बमच्या कव्हरांवर गेली. नॉर्वेतल्या येरमुंडबू इथं १९४३ साली सापडलेलं दहाव्या शतकातलं शिरस्त्राण साधं गोल आहे. त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे, शिंगं नाहीत. डेन्मार्कमधल्या वेक्सो इथं शिंगांची दोन शिरस्त्राणं मिळाली खरी, पण ती कांस्ययुगातली, इसवी सनापूर्वी सुमारे ९०० मधली. वायकिंगांच्या आधी सतराशे वर्षं!

गैरसमज : वायकिंग ही एक जमात होती.

वस्तुस्थिती : जुन्या नॉर्स भाषेत 'वीकिंग्र' म्हणजे समुद्रावर लुटीच्या मोहिमेला जाणारा माणूस. आपल्याकडे पेंढारी ही जात नव्हती, तो धंदा होता, तसंच हे. त्या काळातले बहुतेक नॉर्वेजियन, डॅनिश आणि स्वीडिश लोक शेती करत, गुरं पाळत, मासे धरत. त्यांतले काही मोसम साधून बाहेर पडत. इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न मठावर ७९३ साली पडलेल्या धाडीपासून १०६६ मधल्या स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईपर्यंतचा काळ साधारणपणे वायकिंग काळ धरतात. गाण्यांत मात्र कुणी नांगर धरत नाही. पोवाड्यात तरी पेरणीचं वर्णन किती असतं?

गैरसमज : हे संगीत हजार वर्षांपूर्वीचं आहे.

वस्तुस्थिती : वायकिंग काळातली एकही चाल लिहून ठेवलेली नाही. स्कँडिनेव्हियातली सगळ्यात जुनी लौकिक चाल मिळते ती साधारण १३०० सालच्या एका हस्तलिखितात, म्हणजे वायकिंग काळ संपून दोनेकशे वर्षं उलटल्यावर. उत्खननात वाद्यं मिळतात, सूर मिळत नाहीत. हाडांच्या बासऱ्या मिळाल्या, इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये दहाव्या शतकातला लाकडी पावा मिळाला. त्यांवर काय वाजवत, ते वाजवणाऱ्यांबरोबर गेलं.

मग 'वार्द्रुना'सारख्या बँडचं संगीत इतकं पुरातन का वाटतं? नॉर्वेच्या एइनार सेल्विक यानं २००३ मध्ये हा बँड उभा केला. त्याआधी तो ब्लॅक मेटल बँडमध्ये ड्रम वाजवत होता. प्राचीन रून लिपीच्या अक्षरांवर त्यांनी २००९ ते २०१६ या काळात तीन अल्बम काढले आणि 'वायकिंग्ज' या मालिकेमुळे त्यांचा आवाज जगभर गेला. बोकडाचं शिंग, कातड्याचा डफ आणि घोड्याच्या केसांच्या तारा लावलेलं, गजानं वाजवायचं 'टागेलहार्पा' ही त्यांची वाद्यं. पण गजानं वाजवायची वाद्यं उत्तर युरोपात पोचली, तोवर वायकिंग काळ सरत आला होता. कुठल्याही एका काळाचं संगीत हुबेहूब उभं करण्याचा आपला दावा नाही, हे या बँडनंच सांगितलेलं आहे. दावा करतात ते ऐकणारे.

फेरो बेटांवर हात धरून, गोल फेर धरून वीरगीतं म्हणण्याची परंपरा अजून जिवंत आहे. तिथल्या 'ट्यूर' या बँडनं २००२ साली असंच एक लोकप्रिय गीत मेटलमध्ये आणलं. गीतात लढाई आहे इसवी सन १००० च्या सुमाराची. ते रचलं गेलं १८३० च्या आसपास.

मेटलमधली घशातली गुरगुर तरी जुनी असेल? तिच्या बाजूनं एक साक्षीदार नेहमी पुढं केला जातो. दहाव्या शतकात अंदालुसियातून अल-तुर्तुशी नावाचा प्रवासी हेडेबी या व्यापारी गावात आला. तिथल्या लोकांचं गाणं कुत्र्याच्या भुंकण्यापेक्षाही वाईट वाटल्याचं त्यानं लिहून ठेवलं. मेटलवाले त्यातच आपले पूर्वज शोधतात. पण एका वैतागलेल्या पाहुण्याच्या शेऱ्यावरून गायकी ठरवायची, तर लावणीविषयी साहेबानं लिहिलेलंही खरंच मानावं लागेल.

इथं वारूळवाडीकराला एक सोय आहे. तमाशात गणानंतर गौळण येते. कृष्ण असतो, पेंद्या असतो, आणि कमरेवर हात ठेवून मावशी उभी राहते. ही मावशी कुठल्याही पुराणात नाही. हे मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाईपासून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणून कुणी उठून जात नाही. कथा जुनी, मांडणी आजची, हा करार तिथं न बोलता झालेला असतो. वायकिंग संगीत ऐकताना नेमका तोच करार विसरला जातो.

गैरसमज : नॉर्स देवांच्या कथा वायकिंगांनीच लिहून ठेवल्या.

वस्तुस्थिती : रून अक्षरं ते दगडावर आणि लाकडावर कोरत. त्यांत मृतांची नावं असत, स्मरणाच्या दोन ओळी असत. सविस्तर कथा उतरल्या त्या आइसलँडमध्ये. आइसलँडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला इसवी सन १००० च्या सुमारास. स्नोरी स्टुर्लुसन या पुढाऱ्यानं आपला 'एड्डा' हा ग्रंथ लिहिला १२२० च्या आसपास. तो स्वतः ख्रिस्ती होता आणि जुन्या काव्यातले संकेत नव्या कवींना कळावेत ही त्याची खटपट होती. देवांवरच्या जुन्या कवितांचं मुख्य हस्तलिखित त्याहून अर्ध्या शतकानं अलीकडचं. ते १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत आलं. तेव्हा ते उतरवून घ्यायला रेक्याविकच्या धक्क्यावर गर्दी लोटली होती.

सिनेमानं आणखी एक घोळ घातलाय. मूळ कथांत लोकी हा ओडिनचा मानलेला मुलगा नाही. तो राक्षसकुळातला, आणि ओडिननं त्याच्याशी रक्ताचा भाऊपणा जोडलेला. थोरही गुळगुळीत चेहऱ्याचा नाही. त्याला लाल दाढी आहे.

गैरसमज : थोर म्हणजे आपला इंद्रच.

वस्तुस्थिती : नातं आहे, पण लोक जोडतात तसं नाही. इंद्राकडे वज्र, थोरकडे हातोडा. इंद्र वृत्राला मारतो, थोर जगाला वेढून बसलेल्या सर्पाशी झुंजतो. एवढं साम्य मोठं आहे आणि अभ्यासक त्याची मुळं एका जुन्या भाषाकुळात शोधतात. नावं मात्र वेगळी. 'थोर' या शब्दाचं मूळ मेघगर्जनेत आहे. संस्कृतात मेघाच्या गडगडाटाला 'स्तनित' म्हणतात, तो त्याचा चुलतभाऊ. 'देव' या शब्दाचा सख्खा नातेवाईक आहे युद्धदेव ट्यूर. त्याचंच नाव फेरो बेटांवरच्या बँडनं घेतलंय.

वारांचंही असंच. इंग्रजीत बुधवार ओडिनच्या नावाचा आणि गुरुवार थोरच्या. पण ही काही आदिम भाऊबंदकी नव्हे. ग्रहांवरून वार मोजायची पद्धत रोमन जगातून दोन्हीकडे पसरली. जर्मन कुळातल्या लोकांनी ग्रहदेवतांच्या जागी आपले देव बसवले, आपण ग्रहांची आपली नावं लावली.

गैरसमज : वायकिंग जुन्नरला येऊन गेले होते.

वस्तुस्थिती : हा दावा वरकरणी हास्यास्पद वाटतो, पण त्यामागची गोष्ट खरी आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे ब्राह्मी लेख आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, चित नावाच्या यवनानं भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिला. दोघांच्या नावांपुढे 'गत' असा शब्द येतो. या 'गतां'चा अर्थ गॉथ, म्हणजे जर्मन कुळातले लोक, असा लावला स्टेन कोनो यानं, १९१२ साली, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. कोनो हा नॉर्वेचाच. भारताच्या भाषिक सर्वेक्षणातला मराठीचा खंडही त्यानंच तयार केला होता. म्हणजे मराठीच्या बोली चाळलेल्या नॉर्वेजियन पंडिताला शिवनेरीच्या पायथ्याशी उत्तरेकडची नावं ऐकू आली!

हा अंदाज एका शब्दाच्या टेकूवर उभा आहे. 'गत' हे एखाद्या प्रदेशाचं नाव असावं, असंही मांडलं गेलं. यवन हा शब्द ग्रीकांसाठी आणि एकूणच पश्चिमेकडून आलेल्यांसाठी वापरात होता. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे व्यापार चालत होता, त्यामुळे परदेशी दाते इथं असणं स्वाभाविक आहे. आणि कोनो बरोबर ठरला, तरी हे लेख पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी पहिली वायकिंग धाड पडली. गॉथ आणि वायकिंग एक नव्हेत.

उलट दिशेचा प्रवास मात्र पक्का आहे. स्वीडनमधल्या हेल्गो बेटावर १९५६ साली उत्खननात बुद्धाची कांस्यमूर्ती मिळाली. उंची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. ती सहाव्या शतकाच्या सुमारास भारतीय उपखंडाच्या वायव्येला घडली आणि हातोहात उत्तरेच्या थंडीत पोचली. वायकिंग जुन्नरला आले नाहीत, पण आपल्याकडचा बुद्ध त्यांच्या मुलखात जाऊन बसला.

गैरसमज : हे सगळं सैतानी आणि वंशद्वेष्टं संगीत आहे.

वस्तुस्थिती : संशयाला कारण घडलेलं आहे. नॉर्वेत जून १९९२ मध्ये फँटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं आणि त्यापाठोपाठ आणखी काही. एका संगीतकाराला खून आणि चर्चच्या जाळपोळीबद्दल १९९४ मध्ये शिक्षा झाली. हे घडलं ब्लॅक मेटलच्या वर्तुळात. वायकिंग विषयांची वाट त्याआधी पडली होती. लेड झेपलिननं जून १९७० मध्ये आइसलँडमध्ये कार्यक्रम केला आणि त्याच वर्षी वायकिंगांच्या समुद्रस्वारीवरचं गाणं काढलं. स्वीडनच्या 'बाथरी' या बँडनं, म्हणजे मुख्यतः क्वॉर्थन या एकाच माणसानं, आधीचा सैतान सोडून १९८८ आणि १९९० च्या अल्बममधून ओडिनचं जग आणलं. संथ चाल, समूहगान, लाटांचे आवाज, हा साचा तिथं घडला.

रून अक्षरं नाझींनी वापरली आणि आजही काही वंशवादी टोळ्या वापरतात. स्वस्तिकाचं काय झालं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण चिन्ह चोरलं गेलं म्हणून घरातली सगळीच चोर ठरत नाहीत. या शैलीतल्या अनेक नामवंत कलाकारांनी वंशवादाशी आपला संबंध नाही, हे जाहीरपणे सांगितलेलं आहे. स्वीडनच्या 'अमोन अमार्थ' या मोठ्या बँडचं नाव तर पुराणातलंही नाही. ते आहे टॉल्किनच्या कादंबरीतल्या एका डोंगराचं.

गैरसमज : असलं काही आपल्याकडे होत नाही.

वस्तुस्थिती : मुंबईत २००० साली सुरू झालेल्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडनं २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एक गाणं, बोल इंग्रजी, गळ्यात तीच गुरगुर. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'नं मेटलमध्ये ढोल आणला आणि २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेनच्या महोत्सवात तो वाजवला. उत्तरेकडे थोरचं जे झालं, तेच इथं नरसिंहाचं.

तेव्हा टी-शर्ट खुशाल घालावा, शिंगंसुद्धा चालतील. क्रम मात्र असा ठेवावा : आधी 'बाथरी', मग 'वार्द्रुना', मग 'दशावतार'. आणि पाडव्यानंतर जवळच्या यात्रेत एक रात्र काढावी. ढोलकी-हलगीच्या शेजारी आता कीबोर्ड आणि ड्रमपॅड असतील, मध्येच हिंदी सिनेमातलं गाणं येईल. मावशी स्टेजवर आली की शेजारच्याला विचारून बघा, ही कुठल्या पुराणातली? तो आधी हसेल, मग म्हणेल, गप बघा की.