घरातला ऐब आणि उरलेलं कर्ज: खरेदीआधी समजून घ्या

गाठीला थोडी रक्कम जमली की आपल्याकडे पहिला विचार येतो प्लॉट-फ्लॅटचा. भाडं येईल, मुलांच्या शिक्षणाला कामी येईल, असा हिशोब असतो. बाकी पैसे बँकेचे. पण घरात दोष निघाला म्हणून हप्ता थांबत नाही. घर आणि कर्ज ही दोन वेगळी खाती आहेत.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरला की भिंतींना रंग लागतो आणि ओल झाकली जाते. म्हणून शेजाऱ्यांना विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" जागा निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का, हे पाहा. साताऱ्यात डोंगरउतारावरच्या घराचा पाया आणि संरक्षक भिंत इंजिनिअरला दाखवा. कागदही तपासा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा असू शकतो. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या.

दोष नंतर दिसला तर? रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाल्यास बिल्डरने ३० दिवसांत तो मोफत दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. तक्रार लेखी द्या, फोटो आणि पोच जपून ठेवा. जुन्या घराच्या बाबतीतही, साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष माहीत असल्यास विक्रेत्याने तो सांगायलाच हवा, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. ऐब लपवून माल विकणं शरीअतही नाजायज मानते.

आता कर्ज. समजा बँकेचे ३० लाख देणं आहे आणि लिलावात घर २४ लाखांना गेलं. उरलेले ६ लाख माफ होत नाहीत. बँक त्यासाठी कर्जदारावर आणि जामीनदारावर दावा करू शकते. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं. मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. मे २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे.

म्हणून नोटीस कपाटात ठेवू नका. लेखी उत्तर द्या, हप्ते वाढवून किंवा एकरकमी तडजोड मागा. घर विकणं भागच असेल, तर बँकेच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधा. लिलावाची जाहिरात निघण्याआधी पूर्ण देणं भरून घर सोडवता येतं, नंतर तो हक्क राहत नाही.

शेवटी घरच्यांसाठी एक गोष्ट. कफन-दफननंतर आधी कर्ज फेडलं जातं, मग वसियत, त्यानंतरच वारसांची वाटणी. त्यामुळे घेतलेलं कर्ज आणि दिलेला जामीन बायकामुलांना आजच सांगून ठेवा.