लग्नघरची फुले आणि खिशाचे गणित

भातसानगर, प्रतिनिधी - लग्नाच्या खर्चात सभागृह, जेवणावळ आणि दागिने यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. फुलांचा आकडा मात्र शेवटच्या आठवड्यात समोर येतो. कर्ज काढून कार्य करणाऱ्या कुटुंबाला तो जड जातो. थोडे नियोजन केल्यास शोभा कमी न करता हा खर्च आटोक्यात ठेवता येतो.

फुलांचा दर अंतर, मुहूर्त आणि मजुरी यांवर ठरतो. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकरी मोगरा आणि झेंडू पिकवतात. पहाटे खुडलेला माल रस्त्याने वा लोकलने कल्याण, दादरच्या फुलबाजारात पोहोचतो. तेथून हार आणणारे भातसानगरचे कुटुंब कदाचित शेजारच्याच शिवारातील फुलासाठी दोन्ही वाटांचे भाडे, दलाली आणि ओवण्याची मजुरी मोजत असते. दाट मुहूर्तांच्या दिवशी हे दर आणखी चढतात.

मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत येतो. मुंडावळ्या, गजरे आणि वेण्या त्याच्याच कराव्यात. सकाळी खुडलेली कळी सायंकाळी उमलते. त्यामुळे सायंकाळच्या स्वागत समारंभासाठी दुपारी ओवलेला गजरा पुरतो. सकाळच्या मुहूर्तासाठी आदल्या दिवशीच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवाव्यात.

पुष्पगुच्छातील जरबेरा, कार्नेशन आणि डच गुलाब महाग पडतात. तळेगावसारख्या भागात ते हरितगृहात वाढतात आणि गारव्यातच बाजारात आणावे लागतात. अशी दोन-तीनच फुले मध्यभागी घेऊन भोवती निशिगंध व अ‍ॅस्टर लावल्यास गुच्छ भरगच्च दिसतो. निशिगंधाची खालची दोन-तीन फुले उमललेली आणि वरच्या कळ्या मिटलेल्या असाव्यात. म्हणजे दांडा अधिक काळ टिकतो. दांडे तिरके कापून रात्रभर पाण्यात उभे ठेवावेत.

संपूर्ण मंडप फुलांनी मढवण्याची गरज नसते. पाहुण्यांची नजर प्रवेशद्वार आणि बोहल्यावर खिळते. तेवढ्याच जागी झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे आणि नारळाच्या झावळ्या लावाव्यात. फुले खोवण्यासाठी मिळणारा कृत्रिम स्पंज प्लास्टिकचाच प्रकार असून तो कुजत नाही. त्याऐवजी केळीच्या खांबाचे तुकडे वापरता येतात. त्यांतील ओलाव्याने फुले टवटवीत राहतात आणि नंतर त्यांचे खत होते.

सर्वांत मोठी बचत आगाऊ बोलणीत आहे. भातसा धरणाचे पाणी मुंबईची तहान भागवते. याच शहापूर तालुक्यातील अनेक गावे उन्हाळ्यात टंचाई सोसतात. अशा स्थितीत मोगरा जगवणाऱ्या शेतकऱ्याशी पंधरा दिवस आधी वजन व दर ठरवल्यास त्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळते आणि लग्नघराला ताजे फूल. ओवण्याचे काम आदल्या रात्री घरच्या आत्या-मावश्यांनी हाती घेतले, तर मजुरीही वाचते.