शेतही केले, नाटकही केले

शाळेच्या गॅदरिंगचे दिवस आले की पडेगावातल्या आमच्या घरांत एक वाद ठरलेला असतो. मुलगा नाटकात काम करायचे म्हणतो, अम्मी गप्प बसते आणि अब्बा विचारतात, "नाटक करून पोट भरते का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच मराठवाड्यात सापडते, म्हणून या वेळी राजकुमार तांगडे यांची ओळख करून देत आहोत.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले जांबसमर्थ हे त्यांचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. तांगडे तिथले शेतकरी. गावातल्याच पोरांना घेऊन ते नाटक लिहू लागले आणि त्यात कामही करू लागले. विषय शोधायला लांब जावे लागले नाही. विजेच्या तारेवर आकडा टाकणे खेड्यात कुणाला नवे? त्यांच्या नाटकाचे नावच 'आकडा'. पुढे पुण्याचे दिग्दर्शक अतुल पेठे यांनी मकरंद साठे यांचे 'दलपतसिंग येती गावा' हे माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावरचे नाटक याच गावच्या मंडळींना घेऊन बसवले.

2012 साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आले. लेखन तांगडे यांचे, संकल्पना व संगीत शाहीर संभाजी भगत यांचे आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. तांगडे त्यात भूमिकाही करत. यम महाराजांना नेतो, पण त्यांचे विचार मागेच राहतात. मग जिरेटोप घेऊन तो पृथ्वीवर हिंडतो. तो ज्याच्या डोक्यावर नीट बसेल असा माणूस त्याला हवा असतो.

आपल्यासाठी या नाटकाचे मोल वेगळे आहे. महाराज म्हणजे मुसलमानांचे वैरी, या समजुतीला ते भर रंगमंचावर जाब विचारते. इतिहासात आरमाराचा दौलतखान आहे, मुन्शी काझी हैदर आहे. तरी शिवजयंतीची मिरवणूक आपली मुले अनेकदा रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहतात. त्यांना आत बोलावणारे शब्द एका शेतकऱ्याने लिहिले.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे वळू. नाटकासाठी तांगडे यांनी गाव सोडले नाही आणि शेतीही सोडली नाही. पोट शेतीवर, मन नाटकावर, असा हिशेब मांडता येतो. आपल्या मुलानेही शिक्षण सांभाळून हा नाद जोपासावा. मराठी रंगभूमी सरावाला 'तालीम' म्हणते. आपल्या घरात त्याच शब्दाचा अर्थ शिक्षण. तिथे पाठांतर, वक्तशीरपणा आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे शिकावे लागते, तेव्हा दोन्ही अर्थ फार लांबचे नाहीत.

म्हणून यंदा मुलाचे नाव यादीत घालू द्या, आणि मुलीचेही. सोबत एक कोरी वही द्या. दादीची दखनी, गल्लीतली मराठी, पाण्याच्या टँकरपुढची भांडणे, सारे त्यात उतरू दे. आपल्या मोहल्ल्याचे नाटक बाहेरचा कुणी येऊन लिहील, याची वाट किती पाहायची?